आभाराची पायरी

बाईंचा आवाज असा खणखणीत की पोरं त्यांना मागून घंटाबाई म्हणत. बाईंना ते ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर मनातून आवडतही होतं. घंटा वाजली की माणसं चर्चला येतात, त्यात वाईट काय?

चर्चच्या मागे एक लांबट खोली होती. आठवडाभर तिथे मोडक्या खुर्च्या, रिकाम्या फुलदाण्या आणि अर्ध्या जळलेल्या मेणबत्त्या पडलेल्या असायच्या. रविवारी मिस्सा, म्हणजे चर्चमधली सामुदायिक उपासना, आटोपली की बाई ते सगळं सामान कोपऱ्यात ढकलायच्या आणि मुलांचा धर्मशिक्षणाचा वर्ग भरवायच्या. भिंतीवर ओळीने संतांच्या तसबिरी. हा हरवलेल्या वस्तूंचा, तो परीक्षांचा, ती डोळ्यांच्या दुखण्याची, आणि अगदी शेवटी घशाचा आणि छातीचा संत, ज्याच्या नावाचं ते चर्च होतं. तसबिरींपुढे जुन्या प्रवचनपीठाची एक लाकडी पायरी ठेवलेली असे. तिला सगळे आभाराची पायरी म्हणायचे.

ज्याची प्रार्थना ऐकली गेली त्याने त्या पायरीवर चढायचं, वर्गाकडे तोंड करायचं, काय मागितलं आणि काय मिळालं ते मोठ्याने सांगायचं आणि त्या त्या संताचे आभार मानायचे. मग बाई त्याला मेणाची एखादी वस्तू द्यायच्या, आणि ती तसबिरीखालच्या खिळ्याला लटकवायची. हात बरा झाला तर मेणाचा हात, दात दुखायचा थांबला तर मेणाचा दात. हे सगळं बाई स्वतः ओतायच्या. चर्चच्या पायऱ्यांलगत त्यांचं मेणबत्त्यांचं दुकान होतं, वडिलांपासून चालत आलेलं, आणि साचेही वडिलांच्याच हातचे.

एकदा चष्म्या म्हणून एक पोरगा गणितात पास झाला आणि पायरीवर चढला. आता पास झाल्याचं काय द्यावं? बाईंनी त्याला मेणाचं डोकं दिलं. त्याने ते कानाशी धरून वाजवून पाहिलं आणि म्हणाला, "बाई, हे आतून पोकळ आहे."

"मग बरोबरच आहे," बाई म्हणाल्या. "लटकव."

अशी हसतखेळत शिकवण चालायची. पण बाईंचे दोन नियम होते आणि त्यात हसण्यावारी काही नव्हतं. पहिला नियम, मिळालं की लगेच आभार मानायचे. उशीर केला की दिलेलं परत जातं. याला पुरावा म्हणून त्या वडिलांनी सांगितलेली एक गोष्ट सांगायच्या. एका गाडीवानाची गेलेली दृष्टी परत आली, तो आनंदाच्या भरात मेणाचे डोळे वाहायचे विसरला आणि घरी पोचायच्या आत पुन्हा आंधळा झाला. गोष्ट सांगणारा माणूस मेणाचे डोळे विकत होता, हे मात्र कधी कोणाच्या डोक्यात आलं नाही. बाईंच्याही नाही.

दुसरा नियम, एकदा आभार मानले की ते मागणं संपलं. तेच परत मागायचं नाही. "ढेकर दिल्यावर ताट पुढे करतं का कोणी?" बाई विचारायच्या. "परत मागितलं म्हणजे आपण आभार खोटे मानले असं होतं. संताला तोंडावर खोटं पाडायचं?"

फादरांनी एकदा हा नियम ऐकला आणि गालात हसत विचारलं, "बाई, हा कुठल्या पुस्तकातला?"

"माझ्या बापाच्या तोंडातला," बाई म्हणाल्या. फादरांनी विषय सोडून दिला. पोरं शिस्तीत बसत होती, चर्चमध्ये कुजबुजत नव्हती, मग कशाला नसती उठाठेव?

दर रविवारी वर्ग सुटायच्या आधी बाई परीक्षा घ्यायच्या.

"आभार मानून झाले?"

"झाले, बाई!"

"मग तेच परत मागायचं?"

"नाही, बाई!"

मग बाई आवाज अगदी लोण्यासारखा मऊ करायच्या, गुडघ्यांवर हात टेकून वाकायच्या, डोळ्यांत माया आणायच्या. "अगदी हळूच? कोणाला न कळता? मी स्वतः सांगते आहे, तरी?"

"नाही, बाई!!" खोली दणाणून जायची.

या फसवणुकीत एकदा एकच जण सापडली होती. ती म्हणजे मुंगी. बाईंच्या सख्ख्या धाकट्या बहिणीची मुलगी. एवढीशी, आणि सदा स्वतःपेक्षा मोठं काहीतरी उचलून चाललेली, म्हणून मुंगी. ती भोळेपणाने म्हणाली होती, "तुम्ही सांगताय तर मागेन की, मावशी." सगळा वर्ग फिदीफिदी हसला. बाईंच्या डोक्यात सणक गेली. घरचीच पोर अशी पालथ्या घड्यावर पाणी निघाली म्हटल्यावर लोक काय म्हणतील? त्यांनी तिला वर्ग सुटेपर्यंत भिंतीकडे तोंड करून उभं केलं. "आणि इथे मावशी नाही. इथे बाई."

मुंगी त्या दिवशी रडली नाही. भिंतीच्या पोपड्यांकडे बघत उभी राहिली, आणि त्यानंतर ती कधी चुकली नाही.

या मुंगीला बाप नव्हता. ती रांगत होती तेव्हाच तो गेला. आई एका लाँड्रीत वाफेची इस्त्री चालवायची आणि लाँड्रीच्याच माडीवर दोन खोल्यांत दोघी राहायच्या. बाई तिला अजून धाकटी म्हणूनच हाक मारायच्या. बाईंनी लग्न केलं नव्हतं, म्हणजे त्यांचं जे काही होतं ते ही धाकटी आणि तिची मुंगी.

त्या वर्षी धाकटीला खोकला लागला तो काही केल्या जाईना. शेवटी बाईंनी तिला हाताला धरून छातीच्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी फोटो काढला, लांबलचक कोर्सच्या गोळ्या दिल्या आणि बोट रोखून सांगितलं, "दर आठवड्याला इथे येऊन गोळ्या न्यायच्या. एक दिवस चुकवायचा नाही. बरं वाटलं म्हणून मध्येच सोडल्या तर रोग दुप्पट होऊन येतो. मग माझ्याकडे येऊ नका."

धाकटी दर आठवड्याला जाऊ लागली. इकडे मुंगीने छातीच्या संताला धरलं. शाळेत जाताना, येताना, जिन्यात, मोरीत, तिचे ओठ हलतच असायचे. आणि हळूहळू खोकला उतरला. एका सकाळी मुंगी जागी झाली तेव्हा तिच्या लक्षात आलं की रात्रभर आई खोकलीच नाही. तो नेमका रविवार होता. उशीर केला तर परत जाईल! पोरगी मिस्सेभर जागेवर चुळबुळत राहिली आणि वर्ग भरताच चष्म्याला कोपराने ढोसून बाजूला सारत पायरीवर चढली.

"मी आईचा खोकला जाऊ दे म्हणून मागितलं होतं. गेला. छातीच्या संता, तुझे आभार."

बाईंचा घंटेसारखा आवाज त्या दिवशी फुटलाच नाही. त्यांनी मुंगीला उचलून छातीशी धरलं आणि सगळ्या पोरांसमोर घळाघळा रडल्या. दारात फादर उभे होते. त्यांनीही चष्मा पुसला. बाहेर पायऱ्यांवर बातमी पोचली तेव्हा शिंपीणबाई हसून म्हणाली, "सुंठीवाचून खोकला गेला म्हणायचा!" पुढच्या रविवारी फादरांनी प्रवचनात तेच सांगितलं. एका लहान मुलीची श्रद्धा, एका आईचा नवा श्वास. संताच्या दिवशी आभाराची मोठी मिस्सा करायची आणि मायलेकींनी वेदीपाशी मेणाची वस्तू वाहायची, असं ठरलं.

गोळ्यांचं नाव कोणीच काढलं नाही.

बाईंकडे फुप्फुसांचा साचा नव्हता. त्या खाटकाच्या दुकानात गेल्या, बोकडाची फुप्फुसं मागून घेऊन उलटसुलट बघितली, आणि घरी येऊन प्लास्टरमध्ये साचा कोरायला बसल्या. खाटीक म्हणाला होता, "बाई, ही हातात धरा, किती हलकी लागतात बघा. आत नुसता वारा." बाईंना ते का कोण जाणे, आवडलं नव्हतं. मेण ओतून निघालेली जोडी मात्र पांढरीशुभ्र आणि देखणी झाली. दुकानाच्या काचेत ठेवल्यावर जाणारेयेणारे थांबून बघायचे.

आणि धाकटीकडेही बघायचे. रस्त्याने चालली की बायका एकमेकींना खुणावायच्या, ती बघ, ती बरी झालेली. कोणी आपलं आजारी पोर तिच्यापुढे आणून तिचा हात त्याच्या डोक्यावर ठेवायला लावायची. धाकटीला हसू यायचं, मग संकोच वाटायचा, आणि मग काय वाटायचं ते ती बोलायची नाही.

एका संध्याकाळी दोघी बहिणी चहा पीत बसल्या होत्या. मुंगी खाली बसून बाईंनी दिलेल्या मेणाच्या तुकड्यांचे गोळे वळत होती.

"ही पोरगी माझ्यापेक्षा तुझंच जास्त ऐकते, ताई," धाकटी म्हणाली. "माय मरो पण मावशी उरो म्हणतात ते काही उगाच नाही."

"जीभ आवर, मेले! तिन्हीसांजेला काहीतरी अभद्र."

धाकटी हसली. हसता हसता तिने कप तोंडाशी नेला आणि बराच वेळ तसाच धरून ठेवला. कपात चहा नव्हता, तो केव्हाच संपला होता. बाईंनी ते पाहिलं. मनात पाल चुकचुकली, पण त्यांनी त्या पालीला हाकलून लावलं. असेल ठसका.

त्यानंतर बारीकसारीक गोष्टी दिसू लागल्या. धाकटीच्या दोरीवर रुमाल वेगळे वाळत घातलेले असायचे, उरलेल्या कपड्यांपासून लांब. तिचं पोलकं खांद्यावर सैल झालं होतं. "उन्हाने ग," ती म्हणायची. दवाखान्याच्या दिवशी बाई विचारायच्या, "जाऊन आलीस?" आणि ती म्हणायची, "हो की." आणि बाई पुढे विचारायच्या नाहीत. विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं. तेच तर नको होतं.

संताचा दिवस जवळ आला तेव्हा बाई वेदीची वस्त्रं इस्त्रीला घेऊन लाँड्रीत गेल्या. मागच्या दारापासूनच वाफेचा आवाज येत होता. त्या यंत्राला पायाशी एक पट्टी असते, ती दाबली की वरून फुस्स करून वाफ सुटते आणि कोणाचं बोललेलं कोणाला ऐकू येत नाही. फुस्स, फुस्स, फुस्स. काम जोरात दिसतंय, बाई मनात म्हणाल्या आणि आत डोकावल्या.

यंत्राच्या फळीवर कपडाच नव्हता.

धाकटी दोन्ही हात फळीच्या कडेला रोवून वाकली होती. पाय पट्टीवर. पांढऱ्या वाफेत तिचे खांदे गदागदा हलत होते, आणि जेवढे हलत होते तेवढी ती पट्टी दाबत होती. मग तिने पाय उचलला, वाफ थांबली, आणि तिने तोंडावरचा रुमाल घडी करून कमरेला खोचला. घडीच्या कडेला लाल दिसत होतं.

बाईंच्या हातातली वस्त्रं खाली पडली.

"कधीपासून?" त्यांनी विचारलं.

धाकटी दचकली नाही. कोणीतरी एकदाचं बघितलं, असं तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. "बरेच दिवस."

"गोळ्या?"

"सोडल्या."

"सोडल्या? अक्कल गहाण टाकलीस का? ती डॉक्टरीण कानीकपाळी ओरडून सांगत होती..."

"जाऊ कशी, ताई? गोळ्या देणारी नर्स आपल्याच गायनवृंदात गाते. फादरांच्या प्रवचनानंतर पहिल्याच आठवड्याला मला म्हणाली, तू अजून येतेस? तू तर बरी झालीस ना? सगळी रांग माझ्याकडे बघायला लागली. आणि तेव्हा मला खरंच बरं वाटत होतं." ती स्टुलावर बसली. "आता मी आजारी आहे म्हटलं तर पोर खोटी पडते. सगळ्या चर्चसमोर. तिने रात्र रात्र जागून मागितलं होतं ग. तिला काय सांगू, की तुला संताने दिलंच नव्हतं?"

"मी सांगेन तिला."

"काय सांगशील? तूच तर शिकवलंस."

बाई तिच्या कपाळाला हात लावायला पुढे झाल्या.

"मिस्सा होऊ दे," धाकटी बाईंचा हात धरून म्हणाली. तिचा तळवा तापलेला होता. "आता थोडंच राहिलंय. तेवढं तिच्या मनासारखं होऊ दे. दुसऱ्या दिवशी तू म्हणशील त्या दवाखान्यात येते. शप्पथ."

आता इथे बाईंनी काय करायला हवं होतं ते कोणीही सांगेल. तिला तशीच उचलून डॉक्टरीणबाईंपुढे नेऊन बसवायला हवं होतं. आणि बाईंना ते कळत नव्हतं असं नाही. पण डोळ्यांपुढे दुकानाच्या काचेतली पांढरी जोडी आली. शेजारच्या चर्चचे फादर ती पायरी बघायला येणार होते, आपल्याकडेही सुरू करावी म्हणत होते. झाकली मूठ सव्वा लाखाची. एवढे दिवस गेले, आणखी थोड्या दिवसांनी काय होतंय?

"बरं," बाई म्हणाल्या. "मिस्सा होईपर्यंत."

वस्त्रं उचलून त्या माडीवर गेल्या, मुंगीला बघायला. मुंगी खिडकीशी गुडघे टेकून बसली होती. खालून वाफेचा आवाज आला, फुस्स. लगेच तिचे ओठ हलले. पुन्हा फुस्स, पुन्हा ओठ. बाई तिच्यामागे जाऊन उभ्या राहिल्या तेव्हा त्यांना ऐकू आलं.

"आईला बरं केल्याबद्दल आभार. आईला बरं केल्याबद्दल आभार."

म्हणजे पोरीला ठाऊक होतं! वाफ कशाला सोडतात ते तिला पहिल्यापासून ठाऊक होतं.

"मुंगे," बाई हळूच म्हणाल्या. "नुसतेच आभार का मानतेस?"

मुंगीने मान वळवली. "मागायचं नाही ना आता? आभार मानून झाले. म्हणून तेच परत परत मानते. जोरात मानले तर त्याच्या लक्षात राहील."

तेव्हाही वेळ होती. एक शब्द पुरला असता. बाई पोरीच्या केसांवरून हात फिरवून म्हणाल्या, "शहाणी माझी." आणि जिना उतरून खाली आल्या.

त्यानंतरचे दिवस बाईंनी कसे काढले ते त्यांचं त्यांना माहीत. गायनवृंदाला त्यांनी बजावून सांगितलं, मायलेकी वेदीकडे येताना मध्ये थांबायचं नाही, एकामागून एक गीत गात राहायचं. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही, हे काय बाईंना कोणी शिकवायला हवं होतं? पण माणूस एकदा झाकायला लागला की झाकतच जातो.

संताच्या दिवशी चर्च खचाखच भरलं. आभाराची पायरी वर्गातून आणून वेदीसमोर ठेवली होती. गाणं सुरू झालं आणि मधल्या वाटेने मायलेकी निघाल्या. मुंगी पुढे, पांढऱ्या फ्रॉकमध्ये. धाकटी मागे, दोन्ही तळव्यांवर मेणाची फुप्फुसं घेऊन, ताठ. गाणं छताला भिडत होतं, त्यात काही ऐकू येण्यासारखं नव्हतं. पण बाई पहिल्या बाकावर होत्या आणि त्यांची नजर मेणावर होती. आयुष्य मेणात गेलेलं. धाकटीची बोटं मेणात रुतत होती. चालता चालता ती गुळगुळीत पांढरी जोडी तिच्या हातांत दबत होती, बोटांचे खड्डे पडत होते. मेण असं मऊ पडायला हात किती तापलेला लागतो, हे बाईंइतकं त्या चर्चमध्ये कोणाला ठाऊक होतं?

त्या अर्धवट उठल्या. शेजारच्या चर्चच्या फादरांनी हसून त्यांच्याकडे पाहिलं. बाई खाली बसल्या.

मुंगी पायरीवर चढली. गाणं थांबलं, कारण आता थांबणं भाग होतं. एवढ्या माणसांत टाचणी पडली तरी ऐकू आली असती. धाकटीने ओठ घट्ट मिटले होते, मानेच्या शिरा दोरीसारख्या फुगल्या होत्या, डोळ्यांतून पाणी वाहत होतं. लोकांना वाटलं, आनंदाश्रू.

"मी आईचा खोकला जाऊ दे म्हणून मागितलं होतं," मुंगी म्हणाली. "गेला. छातीच्या संता..."

धाकटी खोकली. एकदाच, पण आतून काहीतरी फाटावं तसं. पांढरं मेण लाल झालं, हातातून सुटलं, फरशीवर पडून त्याचे तुकडे झाले, आणि त्या तुकड्यांवर ती कोसळली.

किंकाळ्या उठल्या, बाकं सरकली, फादर धावले. त्या सगळ्या गोंधळात मुंगी पायरीवरून हलली नाही. आपला आवाज कमी पडला असं वाटून तिने हात जोडले आणि जिवाच्या आकांताने ओरडली, "छातीच्या संता, तुझे आभार!"

इस्पितळात तीच डॉक्टरीण होती. तिने धाकटीला ओळखलं आणि बाईंनाही. "कोर्स अर्ध्यात सोडायला कोणी सांगितलं?" तिने विचारलं. डॉक्टरीण आणखी काही बोलणार होती, पण बाईंच्या पोलक्यावरचं रक्त बघून थांबली. "आम्ही करतोय ते करतोय," ती म्हणाली. "पण फार आशा ठेवू नका." आणि आत जाऊन दार लावून घेतलं.

दुपार होती. गल्लीसारख्या त्या लांब व्हरांड्यात एका बाकावर मावशी आणि भाची बसल्या. समोर बंद दार. मुंगीच्या फ्रॉकला मेणाचा एक कण चिकटला होता, तो ती नखाने काढत होती. तिचे ओठ हलत होते. बाईंना कान देऊन ऐकायची गरज नव्हती, ती काय पुटपुटते आहे ते त्यांना माहीत होतं. आतून आवाज आला की पुटपुटणं भरभर व्हायचं.

या पोरीने एवढे दिवस आईला मरताना ऐकलं आणि एकदाही, एकदाही, वाचव म्हणून म्हटलं नाही. कोणामुळे? बाई बाकावरून उतरल्या आणि मुंगीच्या समोर फरशीवर बसल्या.

"मुंगे. राणी माझी. इकडे बघ. आभार पुरे झाले. आता माग. आईला वाचव म्हण."

मुंगीचे ओठ थांबले.

"परत माग, बाळा. चालतं. परत मागितलेलं चालतं."

मुंगी त्यांच्याकडे टक लावून बघायला लागली. बाईंचा आवाज लोण्यासारखा मऊ झाला होता. त्या वाकल्या होत्या, हात मुंगीच्या गुडघ्यांवर होते आणि डोळ्यांत माया भरून आली होती.

"अगदी हळूच म्हण," बाई रडत म्हणाल्या. "कोणाला कळणार नाही. मी स्वतः सांगते आहे ना तुला?"

मुंगीच्या चेहऱ्यावर ओळख पटल्यासारखं काहीतरी उमटलं. ती बाकावरून खाली उतरली. फ्रॉक सारखा केला, पाय जुळवले, हात पाठीमागे बांधले, जसं वर्गात उभं राहायचं तसं.

"नाही, बाई," ती म्हणाली. खणखणीत, स्पष्ट.

"अग, मी खरंच सांगते आहे! मुंगे, मी तुझी मावशी आहे, मी खरंच..."

"नाही, बाई."

समोरचं दार उघडलं. नर्स बाहेर आली. तिने बाईंकडे पाहिलं, मग मुलीकडे, आणि काही न बोलता दार पाठीमागे हलकेच ओढून घेतलं. आतून आता कसलाच आवाज येत नव्हता. बाईंना कोणी काही सांगायची गरज उरली नाही. त्या फरशीवर बसल्या होत्या तशाच बसून राहिल्या.

मुंगीचं दाराकडे लक्षच नव्हतं. या वेळी आपण फसलो नाही, हे तिला ठाऊक होतं. हनुवटी वर करून ती बाईंच्या तोंडाकडे बघत, शाब्बासची वाट पाहत उभी राहिली.